सत्तर हजार सम

कल्पना करा, डब्यात मोदक उरलाय एकच आणि खाणारी भावंडं दोन. पैज ठरली. विजेच्या मीटरवरच्या आकड्यात सम अंक जास्त निघाले तर मोदक शाल्मलीचा, विषम निघाले तर ओजसचा. मोजणार शाल्मलीचा नवा प्रोग्रॅम.

मीटरवर होतं ५७३९८. प्रोग्रॅम म्हणाला, सम अंक सत्तर हजार, आणि मोजणी सुरूच.

"अगं, आकडा पाच अंकी आहे," ओजस म्हणाला.

"कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"

शेजारी बसलेली आत्या हसली. "मोजलेला अंक टाकून द्यायला सांग त्याला. नाहीतर शेवटचा आठच मोजत बसेल."

शाल्मलीने मोजलेला शेवटचा अंक गळावा म्हणून दहाने भागायची ओळ घातली. सम एक, विषम चार.

ओजसने डबा ओढला. शाल्मलीने ती ओळ खोडली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.