तीन दिवसांचं सुतक

गर्भ राहण्याचे दिवस योनिस्रावावरून ओळखायला डॉक्टरांनी शिकवलं होतं: एरवी दाट, तेव्हा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, तार धरणारा. आयुष्यात अंडं न फोडलेली आई हसली होती, “भेंडीसारखा म्हण की!” आई गेल्यानंतर चौथ्या सकाळी, पंचगंगा घाटाजवळच्या माहेरी, ती तार दिसली. घर सुतकात होतं, नवरा खाली पुरुषांमध्ये झोपत होता. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि आजच? काकूने खोदून विचारलं, तेव्हा मी सांगितलं. ती म्हणाली, “अगं, लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक, जावयालाही. कालच फिटलं तुमचं. गच्चीवरच्या खोलीतून नदीपलीकडचं रामनगर छान दिसतं, दाखव त्यांना.” पहिल्या दिवशी याच नियमावर मी चिडले होते: आईसाठी फक्त तीन दिवस? काकूने किल्ली हातावर ठेवली. आईने बांधलेला लाल दोरा किल्लीला तसाच होता. मी नवऱ्याला हाक मारली.