थेट हाक

लग्नात सप्तपदीनंतर नवरा-बायकोने एकमेकांना थेट हाकेचा हक्क द्यायचा, ही रीत आता सगळीकडे रुळली होती. इतरांचे निरोप कानामागच्या चिपमध्ये साचत आणि सवडीने ऐकता येत. थेट हाक मात्र हातातलं काम मोडून आत शिरे. माणूस कितीही गर्क असला तरी दचकायचाच.

ऑपरेशनला नेण्याआधी हेमांगीने मनातल्या मनात नवऱ्याला हाक मारली, "शिरीष, भीती वाटतेय रे."

"हं, मी आहे ना," लगेच कानात त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ.

तिने काचेपलीकडे पाहिलं. शिरीष मेव्हण्याशी क्रिकेटवरून वाद घालत संत्रं सोलत होता. तो दचकला नव्हता. तिने पुन्हा हाक मारली.

"हं, मी आहे ना."

संत्र्याची साल तशीच अखंड निघत होती.

बाबा गेले त्या दुपारीही तिला हेच उत्तर मिळालं होतं, आणि शिरीष उगवला होता दिवेलागणीला. ट्रॅफिक होतं म्हणाला होता.

थोड्या वेळाने तो हात पुसत आत आला. "दोन हाका दिसतायत तुझ्या. काय म्हणत होतीस?"

"माझ्याही साचवतोस?"

"अगं, मीटिंगमध्ये सारखं दचकायला व्हायचं. उत्तर तर लगेच मिळतं ना तुला?"

तेवढ्यात नर्स हेमांगीला न्यायला आली.

"शुद्धीवर आणताना थेट हाक यांचीच लावू ना?" नर्सने विचारलं.

"नको," हेमांगी म्हणाली. "तुम्हीच तोंडाने हाक मारा."