मोठ्या बाईंची अट

“सिनेमा सोडा. मग लग्नाची तारीख काढू,” मोठ्या बाई म्हणाल्या.

आलाकेने हातातला माल्टच्या सरबताचा ग्लास खाली ठेवला. हेच ऐकायला मिळणार, हे माहीत असूनच ती इबादानहून अबेओकुट्याला आली होती. पण समोरासमोर ऐकताना ते जास्त झोंबलं. शेजारी तिची मुलगी इबिदुन मान खाली घालून बसली होती. मोठ्या बाईंचा मुलगा देमी दाराशी उभा होता आणि आईकडे बघायचं टाळत होता.

मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना याच नावाने हाक मारायचं. दोन्ही घरांच्या पहिल्या भेटीचा दिवस ठरला होता, न्यायला यामच्या कंदांची टोपलीसुद्धा भरून झाली होती, आणि ऐन वेळी बाईंचा निरोप आला. असली विहीण आपल्याला नको. बोलायचं असेल तर मुलीच्या बापाला पाठवू नका, त्या बाईलाच पाठवा.

‘त्या बाई’ला सगळा मुलूख ओळखत होता. गेली बावीस वर्षं आलाके पडद्यावर खाष्ट सासू व्हायची. तिने सुनांच्या ताटात विष कालवलं होतं, नातवंडं पळवली होती, एकीला तर विहिरीत ढकललं होतं. बाजारातल्या मिरचीवाल्या तिला पाहून टोपल्या झाकायच्या. “सुनेच्या डोळ्यांत घालायला हव्यात ना? माझ्याकडच्या नाही मिळणार,” असं एकीने तिला चारचौघांत सुनावलं होतं. आलाके हे घरी येऊन ऐटीत सांगायची. तिच्या लेखी ते बक्षीसच होतं.

पण मिरचीवाली वेगळी आणि शिकलीसवरलेली मुख्याध्यापिका वेगळी. हिनेही पडद्यावरचं खरं मानावं, याचं तिला नवल वाटत होतं.

शेजारच्या जनरेटरची घरघर थांबेपर्यंत मोठ्या बाई गप्प राहिल्या. मग त्यांनी खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे ओढून घेतली.

“माझा एकुलता एक मुलगा,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “त्याला मी तुमच्या हातचा अमाला खायला पाठवू? आणि तो धड परत येईपर्यंत इथे देवाचा धावा करत बसू?”

“अहो विहीणबाई, ते नुसतं काम असतं.”

“विहीणबाई म्हणू नका. अजून झाले नाही मी.”

त्यांचा आवाज चढला नाही. एका डोळ्यातून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. आलाके मनातून चरकली. या बाईंनी चाळीस वर्षं शाळेतल्या पोरींना कसं धाकात ठेवलं असेल, ते तिला आता कळलं.

“आणि ही मुलगी वाढवली कुणी?” बाईंनी विचारलं. “तुम्ही तर सदानकदा शूटिंगला.”

“मी आणि हिच्या बापाने. मी नसले की तो हिच्या वेण्या घालायचा. वाकड्या घालायचा, पण घालायचा. सुट्टीत ही माझ्याबरोबर यायची. शूटिंगच्या दिव्यांखाली बसून पाढे पाठ केलेत हिने, कपड्यांच्या पेट्यांवर झोपलीय.”

“म्हणजे घर असं नव्हतंच पोरीला.”

हे वर्मी लागलं. हाच प्रश्न आलाकेने स्वतःला कितीदा तरी विचारला होता.

मोठ्या बाईंनी टेबलावरचं बायबल पुढे सरकवलं. “शपथ घ्या. आजपासून सिनेमा बंद.”

खोटी शपथ घेणं हा आलाकेच्या डाव्या हातचा मळ होता. डोळ्यांत पाणी आणायला तिला दोन श्वास पुरायचे. लग्न एकदा होऊन जाईल, मग पुढचं पुढे. इबिदुनचं मन त्या देमीवर किती जडलंय, हे तिला दिसत होतं. पण घरात नाटक करायचं नाही, हा नियम तिनेच घातला होता. आणि हे आता पोरीचं घर होणार होतं.

तिने बायबल परत सरकवलं.

“नाही सोडणार,” ती म्हणाली. “पोरीसाठी मी जीव टाकीन. पण लोक मला शिव्या घालतात ना, तेव्हा मला कळतं की आपण काम चोख केलं. त्याची मला लाज वाटत नाही, आणि मी वाटल्याचं सोंगही आणणार नाही.”

बोलून झालं. आपण पोरीचा संसार मांडायच्या आधीच मोडला, असं तिला वाटलं. मुलीकडे बघायचा धीर होईना.

इबिदुन उठून उभी राहिली होती.

“देमी, ऐकलंस ना?” ती म्हणाली. “जिथे माझ्या आईचं नाव दबक्या आवाजात घ्यावं लागेल, त्या घरात मला नांदायचं नाही. मला घर होतं की नव्हतं, ते माझं मला ठाऊक आहे. चल गं आई.”

आलाकेला रडू फुटलं. या वेळी ते न बोलावता आलं. एवढा अभिमान तिला कुठल्याच टाळ्यांनी वाटला नव्हता. पोरीचा हात धरून ती दाराकडे निघाली आणि चपला शोधू लागली.

“आई, बास झालं आता!” देमी ओरडला.

मोठ्या बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. लगबगीने येऊन त्यांनी आलाकेचं मनगट धरलं. त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा झाला होता.

“बसा हो, लग्न केव्हाच ठरलंय,” त्या म्हणाल्या. “शाळा आणि संसार सांभाळता सांभाळता माझं अभिनय करायचं राहूनच गेलं. अगदी खरं सांगा, विहीणबाई, तुमच्या सिनेमात मिळेल का हो मला एखाद्या खाष्ट सासूचं काम?”