गिरणीची मोटर

गोव्याच्या कॅसिनोत आणखी एक डाव जिंकला, की पिठाच्या गिरणीला नवी मोटर बसणार होती. रंगराव जिंकला. शहाण्यासारखा उठला, बायकोच्या पर्समध्ये जिंकलेल्या चिप्स ओतून म्हणाला, “आता मी मागितल्या तरी देऊ नकोस.”

खिशात उरलेलं हरून तो घटकाभरात परत आला. “सुगंधा, पाचच दे.”

“देऊ नको म्हणून तुम्हीच सांगितलंत.”

“तेव्हा मी जिंकलो होतो गं!”

ती चिप्स घेऊन पैसे देणाऱ्या खिडकीशी गेली. त्याने तिचं उजवं मनगट पकडलं, पिरगाळलं. तिने ओठ दाबून डाव्या हाताने चिप्स आत सरकवल्या.

मोटर आली. “कुठं थांबायचं, ते आपल्याला बरोबर कळतं,” रंगराव गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतो. शेजारी सुगंधा डाव्या हाताने पीठ भरते.