दारातला मारुती

दगड कंबरेएवढा होता. चंद्रभानच्या माणसांनी तो हातगाडीवरून उतरवला आणि प्रयागबाईच्या दारात, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर उभा केला. मग शेंदूर थापला, झेंडा रोवला. आता घराबाहेर पडायचं तर अंग चोरून, आडवं होऊनच.

"तू म्हणत होती ना वं, देव माह्या पाठीशी आहे?" चंद्रभान आपल्या नव्या राजदूत फटफटीवर बसून पान थुंकत म्हणाला. "घे, समोरच आणून बसवला. शनिवारी प्रतिष्ठा. मंग जो हलवन, त्याचा हात झडन."

माणसं हसली. कळमन्याच्या वाटेवर त्याची आरामशीन होती आणि लाकडं रचायला त्याला शेजारची ही प्रयागबाईच्या घराची जागा हवी होती. प्रयागबाई विधवा. तिच्याकडे दोन शेळ्या आणि ही एक खोली. चंद्रभानशी वाकडं घेण्याची वस्तीत कोणाची छाती नव्हती. आता तर देवही त्याच्या बाजूचा झाला.

प्रयागबाईनं जवळ जाऊन पाहिलं. शेंदूर तेलाऐवजी पाण्यात कालवला होता. वाळला की पोपडे निघणार. देवाच्या तेलातही हात मारणारा माणूस! तिला त्याची इतकी किळस आली की भ्यायचं राहूनच गेलं.

रोज आंघोळ करून ती दगडापुढे हात जोडी. "मारुतीराया, माह्या दारातून जाय गा." दगड जागचा हलला नाही.

शनिवारी मंडप पडला, भोंगा लागला. भटजी पाटावर बसले, तशी प्रयागबाई तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. तिनं सगळं तेल देवावर ओतलं.

"देव उन्हात काहून?" ती मोठ्यानं म्हणाली. "हे घर मी त्याले वाहिलं. आत बसवा. मी झाडलोट करत कोपऱ्यात राहीन."

चंद्रभान चाचरला. घराचं देऊळ झालं की ही जागा कायमची हातची जाणार होती. "पण जागा तर ठरली..."

"देवाले छप्पर भेटून राहिलं," म्हातारा धोंडबा म्हणाला, "अन् तू नाही म्हणून राहिला?"

सगळी गर्दी चंद्रभानकडे पाहू लागली. उघड नाही म्हणायची धमक त्याच्यात असती, तर दगडाआड लपायची वेळ कशाला आली असती?

"लाव ना हात, चंद्रभान," प्रयागबाई म्हणाली. "प्रतिष्ठा व्हायची आहे अजून. झडत नाही."

त्यानं तिघांसोबत दगड उचलला. तेल त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळलं. धापा टाकत तो उंबरा ओलांडू लागला, तेव्हा बाजूला सरून वाट देताना तिला उमगलं. रोज ती ज्याला जा म्हणत होती, तो तिच्याकडेच मुक्कामाला निघाला होता. चंद्रभान नुसता त्याचा हमाल.