दीडशेवी ओळ

रविवारी संध्याकाळी पूर्वीने मोजल्या तेव्हा चादरीत एकशे अडतीस ओळी होत्या. मंगळवारी संध्याकाळी एकशे बत्तीस. सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस सुशीलाआजी सकाळी दोन-दोन तास क्रोशाची सुई घेऊन ओटीवर बसलेली तिने स्वतः पाहिली होती.

पूर्वी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिने पुन्हा मोजल्या. उत्तर तेच.

"दीडशे ओळी झाल्या की चादर संपली," आजी फेब्रुवारीपासून सांगत होती. आता नोव्हेंबर लागला होता.

आत्मारामआजोबांच्या उजव्या हातावरून वारं गेलं ते जानेवारीत. वर्षभरात हात सुधारला तर सुधारला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि दाबायला रबरी चेंडू दिला होता. तिसऱ्याच दिवशी आजोबांनी तो डाव्या हाताने केळींत भिरकावला. "पन्नास वर्षं घड उतरवले या हाताने. आता चेंडू खेळू?"

आजी चिडली नव्हती. "बरं. माझी चादर होऊ दे, मग बघते तुमच्याकडे," एवढंच म्हणाली होती.

बुधवारी दुपारी तीनला आजी रोजच्यासारखी शेजारी नॅन्सीकडे गेली. पूर्वी दाराआड थांबली. आजोबांनी चादर मांडीवर ओढली, सुई काढली आणि धागा खेचला. ओळ सरसर उसवत गेली. मग गुंडा डाव्या हातात धरून ते उजव्याने एकेक वेढा देत लोकर त्यावर गुंडाळू लागले.

"आजोबा!"

"आलीस? बस. हिच्याकडे बोलू नको."

"दहा महिने विणतेय ती."

"विणू दे ना. संपली की चेंडू आला माझ्यामागे."

"तिला कळत नाही?"

"चष्म्याचा नंबर बघ तिचा. मोजते कुठे ती?"

पूर्वीला आजीची दया आली, आजोबांचा राग. वर्ष सरायला जेमतेम दोन महिने उरले होते, आणि हा माणूस व्यायाम टाळायला बायकोची मेहनत उसवत होता. गुरुवारपासून ती रोज दुपारी चादर आपल्या कपाटात ठेवू लागली. आजोबा ओटीवर नुसते बसून राहायचे.

रविवारी सकाळी दीडशेवी ओळ पुरी झाली. आजीने गाठ मारली, कात्रीने धागा कापला. आजोबांचा चेहरा पडला.

"आता काय विणू?" आजीने विचारलं.

"मोठं काहीतरी घे," आजोबा घाईने म्हणाले. "मांडवाएवढं."

"लोकर पुरे झाली. आता बारीक सूत घेते. टेबलावरचा रुमाल." आजी पूर्वीकडे वळली. "माझी वही आण गं, नमुना बघू. आणि रुमाल दुपारी ओटीवरच राहू दे. कपाटात नको."

वही शिवणाच्या डब्यात होती. नमुने पुढच्या पानांवर होते. पूर्वीने उघडली मागून. वर आजीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'ह्यांनी उसवलेल्या ओळी', आणि खाली एकही दिवस न चुकवता तारखा.

पहिली नोंद फेब्रुवारीची: अर्धी ओळ, गुंडा सैल.

शेवटची, गेल्या बुधवारची: नऊ ओळी, गुंडा घट्ट.