कॅप्टनसाहेबांची कारकीर्द

"वाच, कुठवर आलो?" अप्पांनी विचारलं.

आसावरीनं लॅपटॉपवरून वाचलं, "'खाकी उतरवली, खादी चढवली. पलटणीत मी हुकूम सोडत होतो. मतदारसंघात कुणीही सोम्यागोम्या मला हुकूम सोडू लागला.'"

"'मतदार' लिही. सोम्यागोम्या म्हटलं की मतं जातात."

"आता कुठली मतं, अप्पा?"

"सवय, दुसरं काय!"

अप्पा तिचे आजोबा. वय एकशे दोन. इंग्रजांच्या फौजेत कॅप्टन, ब्रह्मदेशात लढलेले, पुढे दोनदा आमदार. आत्मचरित्र ते आपल्या मुलाला, संजयला, म्हणजे तिच्या बाबांना सांगत. बाबा फ्लॅट विकायला पुण्याला गेले आणि अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरातलं हे टायपिंग तिच्याकडे आलं.

बाबा तिकडेच वारले. झोपेत. अप्पांना एकटं टाकून तिला जाता आलं नाही. अंत्यविधी तिनं गॅरेजमध्ये, गाडीच्या काचा चढवून, फोनवर पाहिला.

"अप्पांना कळता कामा नये," उल्काआत्यानं पुण्याहून बजावलं होतं. "त्यांना सोसणार नाही."

तेव्हापासून आसावरीचा पाय घरात ठरत नव्हता. फोन वाजला की ती घरामागच्या डेकवर पळे. मराठी मंडळाच्या रुपालीकाकू भेटायला डबा घेऊन आल्या, त्यांना तिनं ड्राइव्हवेवरूनच परतवलं.

"संजयचा फोन?" अप्पा आधी रोज विचारत.

"बायरनं डील कॅन्सल केलं. नवा शोधतायत."

मग त्यांनी विचारणं सोडलं. विसरले असतील, म्हणून तिला हायसं वाटलं. रोज गुळगुळीत दाढी करणारा माणूस आता खुंट वाढवून बसे. श्रीखंडाची वाटी त्यांनी दूर सारली. "शुगर," म्हणाले. वय झालं, तिनं मनाशी म्हटलं.

आज शेवटचं प्रकरण होतं.

"लिही. तिसऱ्या निवडणुकीत डिपॉझिट जप्त झालं. हार घालणारे पांगले. घरी आलो, तर दारात एवढासा संजय. मूठ वर करून ओरडला, 'आमचे साहेब झिंदाबाद!'"

आसावरीनं स्क्रीनवरून डोळे हलवले नाहीत.

"नाक का ओढतेस?"

"पोलन, अप्पा. ॲलर्जी."

"हं. इथे फारच आहे."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "अर्पणपत्रिका तेवढी राहिली. संजयच्या नावानं कर."

तिनं टाइप केलं आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून वाचून दाखवलं, "'चिरंजीव संजय यास.'"

अप्पांनी हात लांबवून तिच्या डोक्यावर ठेवला.

"चिरंजीव खोड, बाळ," ते म्हणाले. "कैलासवासी लिही."